अपक्ष वहिनी

तिला 'अपक्ष वहिनी' हे नाव तिच्या नवऱ्यानेच ठेवलं होतं. तो इलेक्ट्रिशियन, आणि जन्मभर एकाच पक्षाचा माणूस. पक्षाची सभा म्हटली की भोंगे, माइक, दिवे सगळं त्याच्या अंगावर. तरुणपणी खांद्यावर वायरचं भेंडोळं टाकून जो पक्षात शिरला, तो केस पिकले तरी भेंडोळंच वाहत राहिला. तिकीट त्याने कधी मागितलं नाही आणि न मागता ते कुणाला मिळत नाही. बायको मात्र दर निवडणुकीला झाडून सगळ्या उमेदवारांच्या सभांना जायची. मागच्या रांगेत बसायची आणि भाषणं संपून लोक उठायला लागले की पुढे जाऊन एखादा साधाच प्रश्न विचारायची.

"अगं, निदान आमच्या सभेत तरी तोंडाला कुलूप घाल," तो म्हणायचा.

"का? तुमच्या लोकांना उत्तर येत नाही म्हणून?"

"चारचौघांत माझी शोभा होते."

"पक्ष म्हणजे पिशवी असते हो. आत काय घातलंय ते बघून घ्यावं. तुम्ही नुसती पिशवीच घेऊन घरी येता."

तो हसायचा. गल्लीतल्या कट्ट्यावर हेच वाक्य तो स्वतःचं म्हणून सांगायचा आणि वर जोडायचा, "आमच्या घरी एक अपक्ष आहे. जेवायला घालते, पण मत कुणाला देते याचा पत्ता लागू देत नाही." मतदानाच्या दिवशी दोघं बरोबर जायचे. परतताना तो तिच्या चेहऱ्याकडे बघून अंदाज बांधायचा आणि दर वेळी चुकायचा.

एका रविवारी दुपारी न्हाणीघरातला दिवा बदलून तो पलंगाच्या कडेला येऊन बसला, म्हणाला, "जरा पाणी दे गं." ती पेला घेऊन आली तेव्हा तो आडवा झालेला होता. झोपला असेल असं वाटून तिने पेला खाली ठेवला. मग तिचं लक्ष त्याच्या पायांकडे गेलं. पायांत चपला तशाच होत्या. चपला घालून तो कधी पलंगावर चढत नसे.

ती रडली नाही. आल्यागेल्यांनी वाट पाहिली, गळ्यात पडून स्वतः रडून पाहिलं, पण हिच्या डोळ्याला टिपूस नाही. "दगड झालीय," जाऊ दुसऱ्या खोलीत हळूच म्हणाली. मधली भिंत पातळ होती, ते तिला ऐकू आलं. खरंच झालोय का, असं तिने स्वतःला चाचपून पाहिलं. दगडाला निदान वजन असतं. तिला तेही जाणवत नव्हतं. मुलगी परगावी नोकरीला होती. ती राहून परत गेली आणि रोज फोन करू लागली.

"आई, एकदा मोकळी हो ना गं."

"होईन. जेवलीस का तू?"

रजा संपल्याच्या दिवशी वहिनी कामावर हजर झाली.

ती काम करायची सरकारी इस्पितळाच्या धुलाईघरात. वॉर्डातून गाठोडी यायची. रक्ताची कापडं वेगळी, ऑपरेशनची हिरवी वेगळी, बाकीची वेगळी. मोठ्या पिंपांत कापडं गरगर फिरायची, मग तापलेल्या रोलरखालून चादरी कोरड्या होऊन बाहेर यायच्या आणि त्यांच्या घड्या घालायला दोन बायका समोरासमोर उभ्या राहायच्या. टोकं धरायची, झटका द्यायचा, एकमेकींकडे चालत जायचं, टोकाला टोक लावायचं, पुन्हा मागे सरायचं. या कामाला डोकं लागत नाही. नवरा गेल्यावर तिला तेच बरं वाटलं. हात आपले आपण चालत राहिले.

समोरची जोडीदारीण तिच्याहून लहान, बोलायला फटाकडी, आणि विरोधी पक्षाची कट्टर. तिच्या दृष्टीने शहरात जे चांगलं होतं ते तिच्या पक्षामुळे आणि जे वाईट होतं ते दुसऱ्यांमुळे. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं. इतकी वर्षं दोघी चादरींच्या घड्या घालता घालता कडाकडा भांडत आल्या होत्या. आता जोडीदारीण एकटीच बोलायची आणि वहिनी "हं" म्हणायची.

धुलाईघराच्या मागे सांडपाण्याची नाली होती. ती तुंबली की साबणाचं राखाडी पाणी दाराखालून उलटं आत यायचं आणि बायका लाकडी फळ्यांवर उभं राहून घड्या घालायच्या. इस्पितळ म्हणायचं नाली नगरपालिकेची, नगरपालिका म्हणायची इस्पितळाची. गेल्या दोन निवडणुका वहिनी सगळ्यांना एकच विचारत होती, ही नाली कोण काढणार? उमेदवार राजधानीतल्या नेत्यांची नावं घेऊन बोलायचे. "तो नेता काय फावडं घेऊन येणारेय का इथं?" असं तिने एकदा भर सभेत विचारलं होतं, आणि माइकवाल्या नवऱ्याने कपाळाला हात लावला होता.

निवडणूक जाहीर झाली आणि पक्षाने तिकीट दिलं तिच्या दिराला. इतकी वर्षं थोरल्याने वायरी ओढल्या, त्या त्याच्या मरणानंतर धाकट्याच्या कामी आल्या. दीर वाईट नव्हता. फर्निचरचं दुकान, गोड जीभ, अडल्यानडल्याला इस्पितळात पोचवणारा. फक्त कुठल्याही प्रश्नाला "बघू, करून टाकू" याखेरीज उत्तर द्यायचा नाही. त्याने फोटो मागितला, तिने कपाटातून जो हाताला लागला तो दिला. आठवड्याभरात चौकाचौकांत फलक लागले. खाली हात जोडलेला दीर, वर आभाळातून बघावं तसा नवरा, आणि मोठ्या अक्षरांत 'दादांचं स्वप्न पुरं करू'. ती कामावर जाताना फलकाखाली थांबली. फोटो एका लग्नातला होता. कापताना नीट कापला गेला नव्हता, नवऱ्याच्या बाजूला तिचा स्वतःचा खांदा उरला होता. तिने तो ओळखला. काही वाटलं नाही. कसलं स्वप्न, एवढं मात्र तिच्या मनात आलं. स्वप्न त्याला पडायचं नाही, पडला की घोरायचा.

मग दीर घरी आला. खुर्चीच्या टोकावर बसला.

"वहिनी, शेवटच्या सभेला तुम्ही स्टेजवर हव्यात. नुसतं बसायचं. वाटलं तर दोन शब्द."

एरवी तिने त्याला उभं आडवं घेतलं असतं. पण नाही म्हणायला अंगात काहीतरी लागतं, ते तिला सापडेना.

"बरं," ती म्हणाली.

त्याच आठवड्यात एक तिसरी उमेदवार धुलाईघरात आली. कुठल्याच पक्षाची नसलेली, शाळेत गणित शिकवणारी बाई, सोबत फक्त तिची बहीण. वहिनीने सवयीने नालीचं विचारलं. विचारताना आवाजात जोर नव्हता, पाठ केलेलं म्हणावं तसं. शिक्षिका म्हणाली, "मला माहीत नाही. विचारून सांगते." असं म्हणणारे पुष्कळ असतात. ही मात्र खरंच परत आली. नाली नगरपालिकेची आहे, पण तिच्यावरची भिंत इस्पितळाची आहे, भिंत फोडल्याशिवाय साफ होणार नाही, आणि भिंत कुणी फोडायची यावर दोन्हीकडे घोडं अडलंय, एवढं तिने सांगितलं. "मी निवडून आले तरी लगेच होईल असं नाही," असंही म्हणाली.

"ही कसली उमेदवार?" ती गेल्यावर जोडीदारीण म्हणाली. "होणार नाही म्हणून सांगायला आली!"

वहिनीने पुढची चादर धरली.

सभा संध्याकाळी मैदानात होती. तिला पहिल्या खुर्चीत बसवलं. वरून आलेला एक पुढारी बोलायला उठला आणि म्हणाला, "दादांनी पक्षासाठी देह ठेवला!" लोकांनी टाळ्या वाजवल्या. ती विचार करत होती, दिव्यासाठी ठेवला, न्हाणीघरातल्या. मग कुणीतरी माइक तिच्या हातात दिला आणि तो कर्कश शिट्टी मारू लागला. नवरा असताना असं कधी झालं नव्हतं.

"भोंग्यासमोरून मला जरा बाजूला घ्या," ती म्हणाली. लोक हसले. ती बाजूला सरकली, शिट्टी थांबली. आणि ती बोलू लागली. आवाज चढला नाही, उतरला नाही. वॉर्डला किती गाठोडी गेली हे सांगावं तशी ती बोलली.

"हे या पक्षाचे होते. मी नाही. मी कुठल्याच नाही. ते त्यांना माहीत होतं, ते मला कधी रागावले नाहीत. भाऊजी माणूस चांगला आहे, पण नाली कोण काढणार ते मी त्यांना दोनदा विचारलं, अजून उत्तर नाही. ते गेले म्हणून भाऊजींना मत द्या, असं मी कसं सांगू? ते गेले, त्याचा नालीशी काय संबंध? ज्याचं त्याने बघावं. मीही बघणार आहे."

मागे कुणीतरी टाळी वाजवायला घेतली, पण आपण एकटेच पडलोय हे पाहून थांबला. दिराने पुढे होऊन हलक्या हाताने माइक काढून घेतला.

"वहिनींचं दुःख अजून ओलं आहे," तो म्हणाला. त्याचा आवाज खरोखर दाटला होता. "त्यांना सांभाळून घेऊ या."

आणि लोकांनी सांभाळून घेतलं. बायका चक् चक् करू लागल्या, एकीने तिच्या पाठीवरून हात फिरवला. इतकी वर्षं ती हेच, याच शब्दांत बोलत आली होती. तेव्हा लोक तिच्यावर हसायचे, चिडायचे, कधी मान डोलवायचे. आज तिच्या बोलण्याचा पार आजार करून टाकला. आत कुठेतरी बारीकसं टोचलं, राग असावा. मग तेही गेलं.

दुसऱ्या दिवसापासून दिराकडचं येणंजाणं थांबलं. जावेने वहिनीकडून नेलेला मोठा कुकर शेजारणीच्या हाती परत पाठवला, घासून लख्ख केलेला. निरोप काही नाही. धुलाईघरात मात्र जोडीदारीण आनंदाने फुलून आली होती.

"शाब्बास! आता आमच्या सभेत या. आमच्या साहेबांनी निरोप दिलाय."

"कशाला?"

"कशाला म्हणजे? त्यांना सोडलंत ना तुम्ही?"

"मी त्यांच्यात होते कधी, सोडायला?"

"म्हणजे मत आम्हालाच ना?"

"तुमच्या साहेबांनाही नालीचं विचारलं होतं. ते म्हणाले, आधी सत्ता द्या."

जोडीदारणीचं तोंड उतरलं. "तुमचं ना, धड ना इकडचं धड ना तिकडचं," ती म्हणाली, आणि दिवसभर बोलली नाही. दोघी टोकं धरून एकमेकींकडे येत राहिल्या, मागे जात राहिल्या. घड्या बिघडल्या नाहीत.

मतदानाच्या दिवशी ती एकटी गेली. रांगेत पुढच्या मागच्या बायकांनी तिला जागा करून दिली, जरा जास्तच अदबीने. आत पुठ्ठ्याच्या आडोशामागे ती यंत्रासमोर उभी राहिली आणि तिला काही सुचेना. नावं दिसत होती, वाचता येत होती. पण त्यातलं कुणी निवडून आलं काय आणि पडलं काय, तिला त्याचं सोयरसुतक उरलं नव्हतं. तशीच परत फिरावं असं वाटलं. बाहेरून अधिकारी म्हणाला, "आजी, काही अडचण?"

आजी. तिला अजून कुणी आजी म्हटलं नव्हतं.

"विचार करतेय," ती म्हणाली. "करू नये का?"

"करा, करा."

तिने शिक्षिकेच्या नावासमोरचं बटण दाबलं. मनात उमाळा नव्हता, आशाही नव्हती. विचारलं होतं, त्याचं उत्तर त्या बाईने आणून दिलं होतं, एवढंच. बाहेर आल्यावर पावलं सवयीने संथ पडली, कुणीतरी शेजारून चालत असल्यासारखी. मग ती भराभर घरी गेली.

दीर निवडून आला, चांगल्या फरकाने. शिक्षिका तिसरी आली. काही दिवसांनी पालिकेने प्रभागाची खुली बैठक लावली. निवडणुकीआधी मैदान भरून टाकणारे लोक अशा बैठकीला फिरकत नाहीत. शाळेच्या वर्गात बाकांवर मोजकी डोकी, त्यांत ती शिक्षिका आणि मागच्या बाकावर वहिनी. यावं की नाही याचा तिने विचार केला नव्हता. कामावरून सुटली आणि पाय इकडे वळले.

दीर टेबलामागे बसला होता. नवा कोट, घाम. प्रश्न विचारा म्हटल्यावर वहिनी उठली. त्याने आधी खाली पाहिलं.

"धुलाईघरामागची भिंत कोण फोडणार?" तिने विचारलं.

"वहिनी, आपण घरी बोलू."

"घरी तुम्ही येत नाही, भाऊजी."

कुणीतरी हसू दाबलं. दिराने सवयीने "बघू" म्हणायला तोंड उघडलं, मग मिटलं. शेजारच्या अभियंत्याशी कुजबुजला. अभियंत्याने मान हलवली, पुन्हा कुजबुजला.

"भिंतीला इस्पितळाची परवानगी लागेल," शेवटी दीर म्हणाला. "मागितलेली नाही अजून. मागतो."

"कधी?"

"या आठवड्यात."

"मग पुढच्या आठवड्यात विचारते," ती म्हणाली आणि बसली.

बैठक संपल्यावर तो दारापाशी तिच्यासाठी थांबला होता.

"दादा असता तर कपाळाला हात लावला असता त्याने," तो म्हणाला.

"लावला असता," ती म्हणाली. "कुकर घेऊन जा म्हणावं तिला. मला एकटीला एवढा मोठा काय करायचाय?"

घरी पोचली तेव्हा तिला भूक लागली होती. आठवडेच्या आठवडे ती वेळ झाली म्हणून जेवत होती. ही भूक निराळी, पोटात खड्डा पाडणारी. भात गार होता. तिने तो ओट्यापाशी उभ्या उभ्याच, भांड्यातूनच खाल्ला, आणि संपल्यावर आणखी थोडा लावला.