माजरीच्या क्वार्टरातली कोरणारी मशीन

चार दोस्त चहाला बसले आणि कोणी नुसतं "प्रभाकरभाऊ" म्हटलं, की पुढचा तास गेलाच! असले किस्से कोणी ठरवून जमवत नाही. भुशासारखे ते कानाकोपऱ्यात साचतात. एक झटकायला जावं तर चार उडतात.

भाऊ माजरीला कोळसा खाणीच्या वर्कशॉपात फिटर होते. मी भद्रावतीत लग्नपत्रिका छापायचो, कॉम्प्युटरवर डिझाइन करायचो. मोबाइल नुकते लोकांच्या खिशात दिसायला लागले होते, तेव्हाची गोष्ट. भाऊ म्हणजे चहासुद्धा उभ्यानं पिणारा माणूस. नागपूरच्या एका प्रदर्शनात त्यांनी कॉम्प्युटरच्या हुकमानं लाकूड कोरणारी सीएनसी मशीन पाहिली आणि परतीच्या एसटीतून उतरून घरी न जाता थेट माझ्या दुकानात आले.

"दिलीप, ते मशीन आपण घरीच बनवून राह्यलो. तू फक्त डिझाइन दे!"

मी हो म्हणायच्या आत ते निघूनही गेले होते.

* * *

मोटरी मिळाल्या भंगारातल्या प्रिंटरच्या. पण त्या मोटरींनी कोरणारं अवजार मागेपुढे सरकवायला रूळ पाहिजे होते. भाऊ आठवडाभर त्यासाठी वणवण फिरले, आणि एका दुपारी ते रूळ अचानक मिळाले.

संध्याकाळी वहिनींनी कपाटाचा ड्रॉवर ओढला. तो साड्यांसकट धाडकन पायावर!

"अवो, याच्या पट्ट्या कुठी गेल्या? ड्रॉवर सरकत काऊन नाई?"

भाऊ आतल्या खोलीतून खुशीत ओरडले, "सरकून राह्यला न! इकडं येऊन पाह्य, किती मस्त सरकते!"

* * *

पहिली पाटी कोरली "सुस्वागतम्". मशीन घरघरत होती, आम्ही दोघं श्वास रोखून उभे. पाटी झाली. भाऊंनी फुंकर मारून भुसा उडवला आणि तोंडच उतरलं. सगळी अक्षरं उलटी! एका मोटरीच्या वायरी चुकीच्या जोडल्या होत्या.

भाऊंनी पाटी चुलीच्या लाकडांत फेकली. तेवढ्यात कॉलनीत सलून चालवणारा साहेबराव आला. त्यानं ती उचलली, फिरवून पाहिली.

"भाऊ, हे मले द्या."

"अबे, उलटी हाये ते!"

"माझं गिऱ्हाईक आरशाकडं तोंड करून बसते. मागच्या भिंतीवर लावतो. त्याले सरळच दिसन!"

पुढे दोघांनी तशाच उलट्या पाट्या मागितल्या. पण तोवर भाऊंनी वायरी सरळ केल्या होत्या!

* * *

मशीन चालू असताना गप्प उभं राहणं भाऊंना कधीच जमलं नाही. काहीतरी पिळायचे, काहीतरी ठोकायचे. शेजारच्या ताराबाईंच्या मुलीचं लग्न होतं. रुखवतात मांडायला त्यांना मोर पाहिजे होता. पिसारा झाला, पोट झालं. भाऊंना मधेच मशीनचा पट्टा सैल वाटला. त्यांनी हात घातला, पट्टा सटकला, आणि मोराची मान भलतीकडेच कोरली गेली. पूर्ण मागे!

ताराबाई आल्या. मोराकडे बघत बसल्या. भाऊ म्हणाले, "बाई, उद्या दुसरा करून देतो."

ताराबाईंनी पदर डोळ्याला लावला. "राहू द्या. माहेराकडं वळून पाहून राह्यला थो."

त्यांच्या पोरीनं तो मोर सासरी नेला. भाऊंनी मात्र दोन दिवस मशीनला हात लावला नाही. त्यांचीही एकुलती एक, रेखा, लग्नाची झाली होती.

* * *

ताडोब्याच्या रस्त्यावर एका माणसानं भोजनालय काढलं. त्याला दारावर वाघ पाहिजे होता. डिझाइन माझं, चांगलं डरकाळी फोडणारं. पण कोरायची पिन जाड निघाली. पट्टे एकमेकांत मिसळले, दात दिसेनात. डोळे तर असे मिटले की दुपारी जेवून आडवा झालेला बोकाच!

मालक आला. आम्ही दोघं जमिनीकडे बघत उभे.

"वा! असाच पाह्यजे होता!"

"असा?" मी विचारलं.

"व्हय न! आपलं भोजनालय शुद्ध शाकाहारी हाये!"

* * *

एकदा मशीन सलग आठवडाभर बिनचूक चालली. मी गेलो तर सगळे भाग चादरीवर सुटे मांडलेले.

"भाऊ, बिघडली काय?"

"नाई. चांगली चालून राह्यली, म्हणून खोलली."

त्या दिवशी वहिनींचा तोल सुटला. "लोकाइचे नवरे दोन शब्द बोलतेत. तुमी एक दिवस तरी माझ्यापाशी गप बसून दाखवा!"

भाऊ खरंच अंगणात खुर्ची टाकून बसले. वहिनींनी शेजारी तांदूळ निवडायला घेतले. भाऊंचा पाय हलत होता, खुर्ची कुरकुरत होती, ताटातले तांदूळ थरथरत होते. थोड्या वेळानं वहिनींनीच हात जोडले.

"जा बापा, जा मशीनपाशी! भूकंप आल्यावानी वाटून राह्यलं मले!"

* * *

रेखाचं लग्न ठरलं. नवरदेव प्रवीण, लाइट ऑफिसात लाइनमन. मांडव क्वार्टरच्या अंगणातच. भाऊंनी ठरवलं, मांडवाच्या दारावर वधू-वरांची पूर्ण नावं सागाच्या एकाच फळीवर कोरायची. जुन्या दाराची फळी जपून ठेवली होती. पण एक डिझाइन पसंत पडेल तर ना! वेल बदलली, अक्षरं बदलली. मी नुसता माजरी-भद्रावती चकरा मारत होतो. शेवटी कोरायला सुरुवात झाली ती लग्नाच्या दिवशी! "चि. सौ. कां. रेखा" झालं आणि भारनियमनात लाइट गेली. भाऊंनी ती अर्धी फळीच मांडवाच्या दारावर टांगली.

वरात आली. नवरदेवाचे मोठे काका फेटा बांधून पुढे होते. वर पाहिलं आणि जागीच थांबले.

"आमच्या पोराचं नाव कुठी हाये?"

"लाइट गेली जी," भाऊ म्हणाले.

"आमाले काय घेनंदेनं लाइटीशी? हा अपमान हाये! चला रे, फिरवा गाडी!"

वाजंत्री थांबली. वहिनींनी माझा हात घट्ट धरला. इतक्यात प्रवीणनं बाशिंग वर सरकवलं, मित्राचा मोबाइल घेतला आणि ऑफिसात फोन लावला.

"अबे, माजरीची लाइन सोड न थोडा वेळ... काऊन म्हणजे? माझं नाव राह्यलं!"

वऱ्हाड हसत सुटलं. काका हसले नाहीत, पण आत येऊन बसले.

अंतरपाट धरला आणि मांडवातला पंखा फिरायला लागला. महाराजांनी अक्षता उचलल्या. "मुलीचे वडील?"

भाऊ गायब! दारावरची फळीही गायब! आतून मशीनची घरघर सुरू झाली होती.

महाराज चिडले. "बोलवा त्याइले! बापाशिवाय लगन लावू काय?"

"चालू द्या महाराज," वहिनी म्हणाल्या. "पोरगी जाऊन राह्यली. त्याइच्यानं इथी उभं राहवत नाई."

रेखानं मान खाली घातली. अंतरपाटाच्या पलीकडून प्रवीण म्हणाला, "येऊ द्या त्याइले. आमी उभे हाओ."

"अरे, मुहूर्त निघून राह्यला!" महाराजांनी अक्षतांचा हात उंच केला. "मी सुरू करतो!"

तेवढ्यात आतल्या खोलीचं दार धाडकन उघडलं. दारात नवरदेवाचे मोठे काका. फेट्यावर, मिशांवर भुसाच भुसा!

"थांबा महाराज! आडनाव राह्यलं!"