एकसष्टाव्या अंकातले दोन फुगे

सायकल दुरुस्तीच्या दुकानावर एक माळा आहे. जुन्या टायरांच्या ढिगाशेजारी दोन बाकं, एक खुर्ची आणि एक पंखा. पंखा लावला की बोलणं ऐकू येत नाही, म्हणून तो कुणी लावत नाही. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी तिथे दहा-बारा मोठी माणसं जमतात आणि एका साळिंदरावरून तोंडाला फेस येईपर्यंत भांडतात.

साळिंदर म्हणजे सामुराई साळिंदर. धनी मेलेला, पाठीवर काटे, कमरेला तलवार, गावोगाव भटकणारा. परदेशात त्याचं चित्रकथेचं मासिक छत्तीस वर्षं चालू आहे आणि गड्याचा एक काटा अजून पांढरा झालेला नाही. आपल्या भाषेत त्याचे एकशे चाळीस अंक निघाले. मग ते छापणारे छापखान्याचे मालक वारले आणि छापखान्याला कुलूप लागलं.

माळ्यावरची ती एकुलती एक खुर्ची पेंटरची. कारण त्या एकशे चाळीस अंकांतल्या संवादाच्या प्रत्येक फुग्यातलं अक्षर न् अक्षर त्याच्या हातचं. एरवी त्याने दुकानांच्या पाट्या रंगवल्या, ट्रकच्या मागे गुलाबाची फुलं काढली, निवडणुकीत दोन्ही पक्षांच्या भिंती एकाच ब्रशने लिहिल्या. पण त्या माळ्यावर तो 'पेंटरकाका' होता. बँकेतला कॅशियर, जो गिऱ्हाइकाला वर मान करून बघत नाही, तो याला वाकून म्हणायचा, "काका, तुमचा तो 'ठ' बघितला की अंगावर काटा येतो." पेंटर म्हणायचा, "साळिंदराचा अंक आहे बाबा, काटा यायचाच." सगळे हसायचे. हा विनोद सहा वर्षं चालला होता.

भांडणाचा विषयही ठरलेला. अंक एकसष्ट. तरसांच्या सरदारापासून लपवलेली पोरंबाळं पाणचक्कीत असतात. कुणीतरी जागेचा पत्ता फोडतं, तरस येतात, पाणचक्की जळते. त्यानंतर नदीकाठचं ते पान. पानभर एकच चित्र, दोनच फुगे. साळिंदर जखमी होऊन निजलेला. एका बाजूला नावाडीण पाणमांजर, दुसऱ्या बाजूला मालिश करून पोट भरणारा आंधळा चिचुंद्रा. नावाडीण म्हणते, "मीच सांगितलं त्यांना. मार सोसला नाही." चिचुंद्रा म्हणतो, "गप्प बस. त्याला ऐकू जाईल."

बस. एवढ्यावर लोकांनी डोंगर उभा केला होता. पुढच्या अंकांत साळिंदर तिच्याच होडीतून नदी ओलांडतो, चकार शब्द काढत नाही. म्हणजे त्याने ऐकलं होतं आणि माफ केलं होतं. केवढं मोठं मन! कॅशियरने या माफीवर एकदा पाऊण तास भाषण ठोकलं होतं. सायकलवाला त्याला दरवेळी टोचायचा, "अहो, पण तिला मार बसलेला दिसत कुठे नाही. हाताला पट्ट्या आहेत त्या चिचुंद्र्याच्या."

"मनाचा मार असतो तो! तुम्हाला पंक्चरपलीकडे काही दिसतं का?"

"मनाच्या माराने कुणी पत्ता सांगतं होय? आमच्या सासूने रोज सांगितला असता."

पेंटर खुर्चीत बसून मंद हसायचा. कुणी विचारलं तर म्हणायचा, "मी आपला लिहिणारा माणूस. अर्थ तुम्ही लावायचा." लोकांना वाटायचं, काय हा विनय! विनय कसला, भीती होती ती. कारण ते दोन फुगे उलटे चिकटले होते, आणि चिकटवणारा हात त्याचा होता.

मूळ मासिक उजवीकडून डावीकडे वाचायचं. आपल्या वाचकाला ते झेपणार नाही, म्हणून छापखान्यात प्रत्येक पान आरशात दिसावं तसं उलटवून घेत. मालक भाषांतर करायचे. पेंटर ते कागदाच्या चिठ्ठ्यांवर लिहायचा, फुग्याच्या आकारात कापायचा, मागे पेन्सिलीने नंबर टाकायचा आणि डिंकाने चिकटवायचा. एक नंबर डावीकडे, दोन नंबर उजवीकडे. हात इतका बसला होता की गप्पा मारता मारता पान व्हायचं. नदीकाठचं ते एक पान मात्र मालकांनी उलटवलं नाही, कारण लहान चौकटींत खपून जायचं, पण या पानभर चित्रात उलटवलं की उशाशी ठेवलेली तलवार साळिंदराच्या डाव्या हाताशी जायची आणि वाचक पत्रांवर पत्रं टाकायचे. सकाळीच मालकांनी बजावलं होतं, "या पानाला उजवीकडून सुरुवात कर रे." पेंटरने मान डोलावली आणि हाताने सवयीचं काम केलं. चिचुंद्र्याची कबुली नावाडणीच्या तोंडी गेली.

हात चुकतो. ज्याचा चुकला नाही त्याने काम केलेलं नाही. गोष्ट एवढीच असती तर ती सांगायला कुणी बसलं नसतं.

छापण्याआधी पानांच्या नकला तपासायला पेंटरच्या घरीच जायच्या, वहिनींकडे. मोठ्या भावाची बायको. पेंटरने लग्न केलं नाही, तो भावाच्याच घरात राहायचा, वहिनींच्या हातचं खायचा. ते तपासणीचं कामही त्यानेच मिळवून दिलं होतं. दुपारी ओटा पुसून झाला की त्या चष्मा लावायच्या, एका हाताला मालकांचं भाषांतर, दुसऱ्या हाताला पान, आणि लाल पेन्सिल. अंकात शेवटच्या पानावर तळाशी बारीक अक्षरात छापून यायचं: 'मजकूर तपासणी', आणि पुढे त्यांचं नाव. तो पहिला अंक त्यांनी माहेरी नेला होता. सातवीत शाळा सुटलेली बाई. छापलेलं स्वतःचं नाव आईला बोट ठेवून वाचून दाखवलं होतं.

त्या पानावर वहिनींनी दोन फुग्यांना लाल गोल केले, मध्ये बाण काढला आणि कडेला लिहिलं, 'अदलाबदल झाली आहे.' नीट घडी घालून पानं पेंटरच्या पिशवीत दिली. वाटेत त्याने ती उघडली. आदल्याच आठवड्यात तो मालकांशी भांडला होता. तपासणारीचं नाव छापता, मग लिहिणाऱ्याचं का नाही? सगळ्या कामगारांसमोर छाती ठोकून म्हणाला होता, "माझी एक चूक दाखवा, हा ब्रश मोडून टाकतो." आणि आता हातात चूक. तीही घरच्या बाईने लाल करून दिलेली.

त्याने ते एक पान फाडलं आणि गटारात टाकलं. बाकीची नेऊन दिली. पान कुठे म्हणून विचारलं तर सांगायचं, त्यावर एकही खूण नव्हती, म्हणून आणलं नाही.

अंक निघाला. महिन्याभराने मालकांच्या लक्षात आलं. पण तोवर नावाडणीच्या कबुलीने वाचक वेडे झाले होते, म्हणून त्यांनी दुरुस्ती छापली नाही. फक्त विचारलं, "वहिनींनी खूण केली नव्हती?" पेंटर म्हणाला, "कोरं होतं पान." पुढच्या अंकापासून तपासणी दुसरीकडे गेली. वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, मी केली होती हो खूण... बहुतेक." आणि याने त्यांच्याकडे न बघता सांगितलं, "मी स्वतः पाहिलं वहिनी. कोरं होतं."

एकवीस वर्षं झाली त्याला.

यंदा माळ्यावर एक नवी मुलगी आली. रक्त तपासायच्या लॅबमध्ये कामाला, बोलायला फटकळ, सगळे तिला 'सुईवाली' म्हणायचे. तिच्या मामेबहिणीने परदेशातून मूळ अंक पाठवला होता. एका रविवारी तिने दोन्ही पानं बाकावर शेजारी शेजारी ठेवली. कुणाला ती भाषा येत नव्हती, तर तिने मोबाईलवर भाषांतर करून वाचलं. कॅशियरचा चेहरा असा झाला, जणू तिजोरी उघडली आणि आत नुसती रद्दी.

"म्हणजे चिचुंद्रा!" सायकलवाला ओरडला. "म्हणून त्याने अंक चौऱ्याण्णवमध्ये नदीत उडी टाकली! आपण त्याला वेडा ठरवला होता!"

"शरमेने मेला बिचारा," सुईवाली म्हणाली. "आणि तुम्ही सहा वर्षं नावाडणीला माफ करत बसलात. तिने केलंच काय होतं?"

"पण ही चूक केली कुणी?" कॅशियरला आता कुणीतरी हवं होतं. त्याने शेवटचं पान उघडलं, बोट ठेवलं आणि वहिनींचं नाव मोठ्याने वाचलं. "या बघा! मजकूर तपासणी! बाई तपासत होत्या की डुलक्या काढत होत्या?"

"फोडणी करपत असेल," कुणीतरी म्हणालं.

सगळे हसले. पेंटरही हसला. नुसता हसला असता तरी चाललं असतं. कॅशियरने वळून विचारलं, "काका, तुम्ही ओळखत असाल ना यांना?" आणि पेंटर म्हणाला, "नावापुरती. तेव्हा असलीच माणसं भरती करायचे."

ज्या हातचं सकाळी खाऊन आला होता, ते हात त्याने असे भर माळ्यावर झटकून टाकले.

माळ्यावरच्या या मंडळाचा वार्षिक अंक निघणार होता. सुईवाली त्यात लेख लिहिणार असं ठरलं, आणि कॅशियरने नावही सुचवलं: 'एका डुलकीची किंमत'. वहिनींच्या नावासकट. पंधरा दिवसांत छपाई.

घरी वहिनी शेंगा सोलत बसल्या होत्या. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर दिलेला काळा चष्मा डोक्यावर चढवलेला. "काय म्हणाली मंडळी? अजून नावाडणीलाच धरून बसलेत?"

"नेहमीचंच."

"माझ्या चुकीने बिचारीला नावं ठेवतात," त्या म्हणाल्या, आणि शेंगांत हात घातला.

पेंटर मोरीत जाऊन तोंड धुऊ लागला. बराच वेळ धुतलं.

आठ दिवस त्याने स्वतःला समजावलं. कोण वाचतंय तो अंक? दोनशे प्रती. वहिनी थोड्याच माळ्यावर येणार आहेत! पण पाटी रंगवायला बसला की अक्षर हलायचं. दवाखान्याच्या पाटीवर 'वेळ' लिहिताना मात्रा ओघळली, तेव्हा डॉक्टर म्हणाले, "काका, चष्मा बदला." नवव्या दिवशी तो लॅबमध्ये गेला. टोकन घेतलं, लघवीच्या बाटल्या हातात घेतलेल्या लोकांच्या रांगेत बसला. नंबर आला.

"काका, तुम्ही! बाही वर करा," सुईवालीने रबरी पट्टा काढला.

"रक्त नाही द्यायचं."

"मग इथे काय पेढे वाटतात? बोला लवकर, बाहेर वीस माणसं आहेत."

त्याने सांगितलं. उभ्यानेच, सलाइनच्या खोक्याकडे बघत. चिठ्ठ्या, लाल गोल, गटार, सगळं. तिने पट्टा टेबलावर ठेवला.

"बरं. मग बाईंचं नाव काढते. तुमचं घालू?"

"घाल."

"त्या बाई आहेत का? कुठे असतात? एकदा विचारायला हवं त्यांना."

"आमच्या घरात. वहिनी माझी."

"एकाच घरात? आणि त्या दिवशी माळ्यावर म्हणालात, नावापुरती ओळख?"

पेंटरने हातातलं टोकन टेबलावर ठेवलं.

"त्यांना माहीत आहे?"

"नाही."

"आणि मला सांगायला आलात." तिचा आवाज चढला; बाहेरची माणसं माना वळवून बघू लागली. "मी कोण लागते तुमची? मला सांगून छापून आणायचं, लोक म्हणणार काकांनी काय धाडस केलं, टाळ्या वाजवणार. आधी घरी जा. त्या हो म्हणाल्या तर छापीन. नाहीतर नाही." मग दाराकडे बघून ओरडली, "पुढचा नंबर!"

हे टाळ्यांचं तिने बरोबर हेरलं होतं. येताना वाटेत त्याने त्या ऐकल्याही होत्या.

दुपारची वेळ. भाऊ पेन्शनच्या कामाला गेलेला. वहिनी ओटा पुसत होत्या. पेंटर दारातच उभा राहिला आणि म्हणाला, "वहिनी, एकसष्टच्या अंकात तुम्ही खूण केली होती. लाल. बाणही काढला होता. मी पान फाडून टाकलं."

फडकं थांबलं.

"मालकांनाही खोटं सांगितलं. तुम्हालाही."

वहिनी वळल्या नाहीत. तशाच म्हणाल्या, "कडेला काय लिहिलं होतं?"

"अदलाबदल झाली आहे."

"हां," त्या म्हणाल्या. "तेच लिहिलं होतं." आणि तिथेच ओट्याला टेकून खाली बसल्या. "मला दिसायचं हो ते. रात्रंदिवस दिसायचं, लाल. मी म्हणायची, आपल्याला भास होतोय. तेव्हापासून मी गॅस तीनदा बघते. कुलूप तीनदा ओढते. पोरींच्या लग्नाच्या पत्रिका मी तपासल्या नाहीत, यांना म्हटलं, माझा भरवसा नाही. तुम्ही सगळे हसता त्याला. तुम्हीसुद्धा हसलात, भाऊजी."

पेंटरला पाय धरायचे होते. वाकला तर त्यांनी पाय आत ओढून घेतले.

"तुमचं नाव छापायचं म्हणतात," तो कसंबसं म्हणाला. "म्हणजे तुम्ही बरोबर होतात, असं. तुम्ही हो म्हणालात तर."

"छापा. माझं नाव नीट छापा, आडनावासकट. आणि छापायच्या आधी पान माझ्याकडे आणायला सांगा त्या मुलीला." त्या उठल्या, फडकं पिळलं, दोरीवर टाकलं. "तुमच्या हाती नको."

मग त्या आतल्या खोलीकडे निघाल्या. दाराशी थांबून, मागे न बघता म्हणाल्या, "जेवण झाकून ठेवलंय. आज तुमचं तुम्ही वाढून घ्या."

पेंटर ओट्यासमोर उभा राहिला. तीस वर्षं या घरात जेवलेला माणूस. ताटं कुठल्या फळीवर असतात ते त्याला शोधावं लागलं.