दादा आला न्यायला

बायकोला मुदतीचा ताप भरला, त्या वर्षी मी कोराडीच्या वीजघरात नुकताच कायम झालो होतो. तिला नागपूरच्या दवाखान्यात ठेवलं होतं. सकाळची पाळी संपली की मिळेल त्या बसनं सदर भागात उतरायचं आणि पायी वॉर्ड गाठायचा. कपड्यांवरची कोळशाची राख झटकायलाही सवड नसे.

ताप उतरला, पण भान काही आलं नाही. एका दुपारी मी खाटेशी बसलो, तर तिनं माझ्या बाहीवरची राख झटकली आणि म्हणाली, “दादा, वावरातून तसाच आला का गा मले न्याले?”

दादा म्हणजे माझा मेव्हणा, खाप्याला शेती करणारा. तो घ्यायला आलाय आणि आपण माहेरी निघालोय, हे तिनं ठरवूनच टाकलं होतं.

“अगं, मी आहे,” मी म्हटलं.

“थे तर दिसूनच राहिलं,” ती म्हणाली.

डॉक्टर तरुण, बाहेरच्या मुलखातले. तापात असा भ्रम होतो, उतरेल, म्हणाले. कधी, ते मात्र सांगेनात. माझी आई म्हणे, बाहेरचं काही असेल, जाणत्याला दाखव. मी आईवर डाफरलो, पण धास्ती मलाही होतीच. हिनं मला कधी ओळखलंच नाही तर?

आणि तरी, खरं सांगतो, दादा होण्यात सुख होतं. नवऱ्याशी तिचं बोलणं म्हणजे ‘जेवता का’ आणि ‘येता कधी’. दादापुढे तोंड थांबेना. कन्हान नदीच्या वाळूतल्या डांगरवाडीत, वेलांमध्ये बसून, दिवस बुडताना, उन्हानं कोमट झालेलं टरबूज खायचंय, असं रोज सांगायची. मी हळूच विचारलं, “अन् तुझा माणूस कसा आहे?”

“सोन्यावाणी हाये. पण घुमे. त्याईच्यासंग बोलावं वाटते मले, तर ते पेपर वाचत राह्यतेत.” मग एकदम काळजीनं, “दादा, लवकर आणून सोडजो मले. त्याईच्या डब्याचं कोण पाहीन?”

मला तोंड फिरवावं लागलं.

रोज फेरीला डॉक्टर माझ्याकडे बोट दाखवून विचारत, “बाई, हे कोण?”

“आमचा दादा.”

वॉर्ड हसायचा. मीही दात काढायचो आणि आतून तुटायचो.

एके दिवशी त्यांनी विचारलं, तर ती बोललीच नाही. माझ्याकडे पाहिलं, चाचपडत पदर शोधला, डोक्यावरून ओढला आणि मान खाली घातली. डॉक्टरांचा चेहरा उतरला. “आज तर बोलतही नाहीत,” ते सिस्टरला म्हणाले.

शेजारच्या खाटेवरची म्हातारी उठून बसली. “नवऱ्याचं नाव कोणी घेते का गा डाक्टर? वळखलं तिनं.”

मी व्हरांड्यात जाऊन रडून घेतलं. परत आलो, तर पदराआडून प्रश्न आला, “तुमाले डबा कोण देऊन राहिलं?”

त्या दिवसांतलं तिला काहीच आठवलं नाही. घरी पुन्हा तेच, जेवता का, येता कधी. मी पेपर बाजूला ठेवून समोर बसू लागलो, तर ती संकोचून उठून जायची.

उन्हाळ्यात मी तिला खाप्याला नेलं. दिवस बुडताना डांगरवाडीत बसवलं, टरबूज फोडून फोड हातात दिली. ती पाहतच राहिली.

“तुमाले कोणं सांगितलं?”

“तुझ्या दादानं.”

ती नदीकडे तोंड करून खात राहिली. फोड संपल्यावर म्हणाली, “दादाचा लई जीव हाये माह्यावर.”

आहे, मी म्हटलं.

आता ती नाही. मला अजूनही वाटतं, कुणीतरी बाहीवरची राख झटकावी आणि विचारावं, वावरातून तसाच आला का गा.