आधी घास, मग चटणी

रोममधल्या एका म्हाताऱ्या बाईनं रांधलेल्या जेवणावर, एक घासही न चाखता, मी तिच्यादेखत दोन-दोन चमचे शेंगाची चटणी घातली. माझ्या ताटलीत घातली आणि बायकोला न विचारता तिच्याही ताटलीत घातली. चूक झाली. पण गोष्ट तिथवर कशी गेली ते ऐकून घ्या, म्हणजे सगळा दोष माझ्या एकट्याचा नव्हता हे तरी पटेल.

आमची युरोपची सहल टूरवाल्यांबरोबरची. ‘रोज भारतीय जेवण’ असं त्यांनी मोठ्या अक्षरांत छापलं होतं आणि हा शब्द इतक्या निष्ठेनं पाळला की रोज संध्याकाळी, गावं बदलली, देश बदलले, तरी तेच पनीर त्याच लाल रश्श्यात आमची वाट बघत असायचं. चौथ्या दिवशी बायकोनं चमचा खाली ठेवला.

“अहो, पस्तीस वर्षं मी रांधून वाढतीय. आता एकदा इथल्या कुणा बाईच्या हातचं गरम गरम जेवायचंय मला. जिनं केलंय तिचं तोंड दिसलं पाहिजे. एवढं जमतंय का बघा. न्हाय तर सोलापूरचे खवय्ये म्हणून मिरवू नका.”

हे जरा लागलं. कारण मी मिरवतो. लाईट ऑफिसात नोकरी केली, पण माझी खरी ओळख खाण्यातली. पुण्या-मुंबईहून कुणी सोलापूरला निघालं की आधी मला फोन येतो, कुठं जेवायचं सांगा. माझे नियम ठरलेले. पाटीवर पदार्थांचे फोटो असतील तिथं जायचं नाही. दारात माणूस उभा राहून बोलवत असेल तिथं तर मुळीच नाही. दुपारी एकला रिक्षावाले जिथं हात धुताना दिसतील तिथं डोळे झाकून शिरायचं. आणि बसल्यावर, वाढणाऱ्याच्या हातचं जे येईल ते आधी खायचं, मग बोलायचं. या शेवटच्या नियमापायी मी सख्ख्या मेव्हण्याचीही गय केलेली नाही. तो नोकरीला पुण्यात गेला आणि त्याच्या जिभेला गोडाची सवय लागली. आमच्या नेहमीच्या खानावळीत आमटीला तोंड लावायच्या आत त्यानं साखर मागितली. मी त्याला भर पंगतीत ताटावरून उठवलं. त्यानंतर दोन वर्षं तो सोलापूरला फिरकला नाही. मी ही गोष्ट आजवर अभिमानानं सांगत आलो.

रोममध्ये आमचे दोनच दिवस होते. पहिल्या दुपारी मी माझाच नियम मोडला. एका मोठ्या कारंज्यापाशी बायकोचा गुडघा बोलायला लागला, आणि समोरच्या हॉटेलाच्या दारातला माणूस “नमस्ते, नमस्ते, व्हेज, व्हेज!” म्हणून हाका मारत होता. पाटीवर फोटो होते. तरी बसलो. पुढ्यात एक चौकोनी तुकडा आला, कडेला करपलेला आणि मधोमध गार. मी त्या माणसाला बोलवून बोटानं तो गारठा दाखवला. त्यानं हसून पुन्हा “नमस्ते” म्हटलं. परक्या मुलखातल्या पाहुण्याला आपल्याच भाषेत हाक मारायची आणि पुढ्यात शिळं ठेवायचं, याला काय म्हणावं? आमच्याकडं एस. टी. स्टँडवरचा वडेवालासुद्धा असं करताना आधी नजर चुकवतो. हा सरळ डोळ्यांत बघत होता.

बायको एवढंच म्हणाली, “हे आजचं न्हाय.”

दुसरा दिवस मोकळा होता आणि तोच शेवटचा. मी मोबाईल काढला. सगळ्यांत जास्त तारे मिळालेलं हॉटेल शोधून पाऊण तास चाललो, तर गल्लीच्या तोंडापर्यंत रांग. रांगेतला प्रत्येकजण त्याच मोबाईलवर तेच वाचत होता. आमच्या पुढचं जोडपं मराठीत बोलत होतं.

“इथलेच आहेत का हो सगळे?” मी विचारलं.

“छे हो, आम्ही कोथरूडचे,” तो म्हणाला.

म्हणजे अख्ख्या जगानं मिळून एका खोलीला तारे दिले होते आणि त्या गावचा एकही माणूस तिथं जेवत नव्हता. असला राग आला! बायको मात्र फुटपाथच्या कठड्यावर बसली होती. “संध्याकाळी पनीर हायच,” ती म्हणाली.

आणि तेवढ्यात मला आमचे रिक्षावाले दिसले. म्हणजे रिक्षावाले नव्हेत, रस्ता झाडणारी दोन माणसं. नारिंगी जाकिटं, झाडू गाडीला बांधलेले, घड्याळात एक वाजलेला. ती ज्या झपाट्यानं निघाली तो झपाटा मी ओळखतो. तो जेवणाचाच असतो. “ऊठ,” मी बायकोला म्हटलं. दोन गल्ल्या आम्ही त्यांच्या मागं गेलो. ती एका दारात शिरली. दारावर पाटी नाही, फोटो नाही. आत सहा टेबलं, त्यांवर कागद अंथरलेला, आणि मागच्या अर्ध्या दारातून चुलीपाशी उभी असलेली एक ठेंगणी म्हातारी सरळ दिसत होती. बायकोनं तिचं तोंड पाहिलं, तिनं बायकोचं. दोघींनी माना हलवल्या.

विचारणं, निवडणं काही नाही. म्हातारीनं स्वतः दोन खोलगट ताटल्या आणून ठेवल्या. हरभऱ्याच्या दाटसर रश्श्यात कणकेचे तुकडे, वर तेलाची धार. बायको वाफेवर वाकली आणि या सहलीत पहिल्यांदा मनापासून हसली.

“अहो, चकोल्या की ओ या!”

आता मला सांगा, चकोल्या म्हटल्यावर सोलापूरच्या माणसाचा हात कुठं जाईल? ताटाच्या कडेला चटणी नसेल तर आम्हाला ताट नागडं वाटतं. माझ्या खिशात स्टीलची डबी होती. आत शेंगाची चटणी, घरात उखळात कुटलेली, तेल सुटलेली. झाकण उघडलं, दोन चमचे माझ्याकडं, दोन चमचे तिच्याकडं. तिचा चमचा अजून ताटलीपर्यंत पोचायचा होता.

म्हातारी चुलीपासून आली. तिनं लाल झालेल्या दोन्ही ताटल्यांकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं, आणि दोन्ही ताटल्या उचलून चालती झाली. बायकोचा चमचा हवेतच राहिला.

मी भडकलो. उठून उभा राहिलो. “अहो बाई, गिऱ्हाईक आहोत आम्ही! पुढ्यातलं ताट उचलतं का कुणी? काय रीत आहे ही?” हे सगळं मराठीत आणि मोठ्यानं. ती तिकडून तिच्या भाषेत, माझ्याहून मोठ्यानं. शेवटी झाडूवाल्यांपैकी एकानं हाताच्या खुणा आणि चार इंग्रजी शब्द जुळवून मला समजावलं. ती म्हणते, आधी खा. मग बोल.

मी खाली बसलो. हे वाक्य कुठंतरी ऐकल्यासारखं वाटत होतं. बायकोकडं बघायचं मी टाळलं.

म्हातारी परत आली. बायकोपुढं नवी, वाफाळती ताटली ठेवली. माझ्यापुढं माझीच जुनी ठेवली, चटणीसकट, आणि कमरेवर हात देऊन उभी राहिली. मी खाल्लं. त्या रश्श्यात कसला तरी उग्र वासाचा पाला होता. तो आणि आमचा लसूण एकमेकांशी भांडत होते आणि शेंगदाण्याचा कूट मध्ये पडून दोघांचा मार खात होता. “छान लागतंय,” मी म्हणालो. तिकडं बायको डोळे मिटून जेवत होती. म्हातारीनं न विचारता तिला आणखी एक पळी वाढली आणि तिच्या खांद्यावर हात ठेवून गेली.

बाहेर पडल्यावरही माझी धुसफूस चालूच होती. चटणी म्हणजे काही विष नव्हे. अतिथी म्हणून काही आहे की नाही? एवढा कसला ताठा? बायको गुडघा सांभाळत सावकाश चालत होती. गल्लीच्या टोकाला ती थांबली.

“माझ्या भावाला चिमूटभर साखरेसाठी ताटावरून उठवलंत तुमी,” ती म्हणाली. “त्या बाईनं तुमाला बसू तरी दिलं.”