चवथीची चूल

गॅसच्या पाइपलाइनची तपासणी करणारा सरकारी माणूस डिचोलीहून आमच्या वाड्यावर, या छोट्या वस्तीत, येतो. हातातलं यंत्र जमिनीला लावत चालतो, दिलेला चहा थंड करतो आणि प्रत्येक गोष्ट दोनदा बोलतो.

गणेशचवथीच्या सकाळी रस्ता खणताना पाइप फुटला. त्याने सगळ्या वाड्याचा गॅस बंद केला. नैवेद्य अडला म्हणून आम्ही बायकांनी घरामागच्या चुली पेटवल्या. तो धावत आला आणि माझ्या चुलीवर त्याने कळशी ओतली.

“देवाचं जेवण बाटवलंस रे मेल्या.”

“बाटूं दे काकी, बाटूं दे. गॅस भुंयेत पसरलाय.”

शेजारणीने त्याला दारातच अडवलं. भडका उडाला आणि तिची सून चुलीपाशी भाजून मेली.

अजून तपासणीला आला की तो त्या दाराशी थांबतो. शेजारीणच कळशी घेऊन चुलीकडे जाते.