आभारापुरता वक्ता

तुमच्या गावच्या व्याख्यानमालेत तुमच्याच गावातला माणूस शेवटचा कधी बोलला? सतरंज्या घातल्या, हार आणले, पाहुण्यांसाठी बंब पेटवला, ते विचारत नाही. बोलला कधी?

आमच्या गावात बोलला नव्हता, आणि त्याचा दोष माझा. लोहाऱ्याजवळच्या आमच्या खेड्यात आम्ही चौघांनी वाचनालय काढलं होतं. मी चिटणीस. निजामी राजवटीच्या शेवटच्या दिवसांत आमच्या घरी पुस्तकं नव्हती, चोरून आलेली पत्रकं होती. त्यांवरच मी वाचायला शिकलो. त्यामुळं ज्याचं नाव छापलेलं तोच विचारवंत, अशी माझी ठाम समजूत. समता हा शब्द मी पत्रकात ठळक टाइपात घालायचो आणि वक्ता पुण्याहून मागवायचो.

त्या वर्षी विषय होता, ‘आपल्या गावची बारव’. कारण निकडीचं होतं. नारूचा रोग पसरतो म्हणून पायऱ्यांच्या विहिरी बंद करा, असं तालुक्याच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं. सरपंचांनी त्यावर कडी केली. बारव दगडमातीनं भरून तिथं एसटी वळवायला मैदान करायचं त्यांनी योजलं. उन्हाळ्यात गावाला पाणी तेवढ्या एका बारवेचं. व्याख्यानाच्या दुसऱ्या दिवशीच पंचायतीची बैठक होती. आदल्या संध्याकाळी विद्वान आणून गाव जागं करायचं, ही माझी मसलत.

पुण्याच्या एका प्राध्यापकांचा होकार आला. सोबत अटी. जेवण कमी तिखट, आंघोळीला ऊन पाणी, श्रोते आधीच बसलेले. शेवटी एक ओळ होती : ‘बारव पाहिलेली नाही. मुद्दे पाठवावेत.’

मुद्दे घ्यायला मी गावातल्या म्हाताऱ्या पाथरवटाकडं गेलो. बारवेचा गाळ त्यांनी दोनदा उपसला होता.

“सांगतो की,” छिन्नी खाली ठेवत ते म्हणाले. “पर बोलणार कोण?”

“पुण्याचे साहेब.”

“त्यांनी बघितलीया बारव?”

“नाही, आबा. पण विद्वान आहेत.”

“व्हय, न बघता सांगायला लई विद्या लागती.”

“तुम्ही पहिल्या रांगेत बसा.”

“बसतो. माझंच मला ऐकाया मिळंल.”

मी मनातून चिडलो. पण बोलायला त्यांनाच उभं करावं, हे समितीत सुचवलं का? नाही. त्यांना पदवी नव्हती. परिचयात वाचायचं काय?

प्राध्यापक दीड तास बोलले. कमानी, कोनाडे, कोनाड्यांतली नक्षी. आबांनी सांगितलेला झऱ्याचा मुद्दा त्यांनी गाळला; श्रोत्यांना तो रुक्ष वाटला असता म्हणे. मग अध्यक्ष, म्हणजे सरपंच, उठले. “साहेबांनी असं वर्णन केलं, की बारव आपल्या मनात कायमची राहिली. आता जाग्यावर नसली तरी चालंल!” टाळ्या पडल्या. प्राध्यापकांनीही वाजवल्या.

उरलं होतं आभारप्रदर्शन. त्याला ना पदवी लागते, ना परिचय, ना हार. पत्रकात आभार मानणाऱ्याचं नावसुद्धा कुणी छापत नाही. ते काम माझं होतं. मी उठलो, “आभार आबा मानतील,” म्हणालो आणि खाली बसलो.

“साहेबांचे आभार, लांबून आले. सरपंचांचे आभार, खुर्चीवरून हलले न्हाईत,” आबा म्हणाले. लोक हसले. “आता बारवेचे मानतो. तळाला उगवतीच्या कोपऱ्यात झरा हाय. म्या त्यात हात घातलाय. दुष्काळातबी आटला न्हाय. नारूवाला पाण्यात पाय घालतो अन् तेच पाणी आपुन पितो, म्हणून रोग. मग पायऱ्या बंद करा की! पुढं भिंत घाला, कठडा बांधा, वरून रहाट लावा. झरा बुजवून काय करता? पाण्याला एसटीनं जाणार?”

सरपंच घड्याळ बघत म्हणाले, “आभार लांबले.”

“तिनं पाणीबी लई वर्सं दिलंय, सरपंच.”

मागून एक बाई ओरडली, “बोलू द्या त्यांना! पाणी आमी भरतो, तुमी न्हाय!”

दुसऱ्या दिवशी पाणी भरणाऱ्या साऱ्या बायका पंचायतीच्या दारात बसल्या. भिंत आणि रहाटाचा ठराव झाला. बारव राहिली.

पुढच्या वर्षी समितीनं पुन्हा पुण्याला पत्र घातलं. मी आबांकडं गेलो. “यंदाही आभार तुम्हीच माना.”

त्यांनी कोनाड्यातून गेल्या वर्षीचं पत्रक काढून माझ्या हातात दिलं. “वाचता येत न्हाय मला. माझं नाव कुठं हाय, दाखवा.”

मी पत्रक उलटंपालटं केलं. माझं नाव दोनदा होतं.

म्हणून ही विनंती. यंदाचं पत्रक छापखान्यात द्यायच्या आधी, तुमच्या गावात ज्यानं विहिरीचा गाळ उपसला, त्याच्या दारात जा. काय बोलायचंय ते त्यालाच विचारा. त्याचं नाव वक्ता म्हणून पहिल्या ओळीत छापा, आणि आभार मानायला पुण्याच्या साहेबांना बोलवा.