दोन बोटं खाली

उदगीर जिल्हा होणार, अशी हूल त्या उन्हाळ्यात पुन्हा उठली होती आणि नळाला पंधरा-पंधरा दिवस पाणी नव्हतं. अशात माझ्या डोक्यात काय, तर जुनी स्पोर्ट्स कार देऊन नवी घ्यावी का! आठवलं की माझीच मला किळस येते.

जुनीत खोट काहीच नव्हती. लाल, दोन दारांची, हैदराबादहून हौसेनं आणलेली. पण नव्या मॉडेलला वेग जास्त, शिवाय ती रस्त्याला दोन बोटं अधिक चिकटून पळते, असं ऐकलं आणि जुनी एकदम बैलगाडी वाटायला लागली. दुकानात गिऱ्हाईक समोर उभं असायचं आणि मी मोबाइलवर नवीचे फोटो बघत बसायचो.

नांदेडच्या मित्रानं ती नवी घेतली होती. त्याचे पाण्याचे टँकर चालायचे. दुष्काळ कुणाला मारतो, कुणाला मानवतो. 'चालवून बघ, मग ठरव' म्हणून तो गाडी घेऊनच आला. सगळा मुलूख धुळीनं माखलेला आणि ही लख्ख धुतलेली. पाणी कुठलं, हे मी विचारलं नाही.

"घेऊन टाक राव," तो म्हणाला, "उद्या जिल्हा झाला की सायेबलोकांत ऊठबस राहील. तुझ्या त्या जुन्या डबड्यात जाशील का?"

जळकोटच्या रस्त्याला लागलो. एका गावापाशी टँकरसाठी रस्त्याच्या कडेला घागरी रांगेनं मांडलेल्या होत्या. बायका लिंबाखाली बसलेल्या. त्यांचा नंबर घागरी धरून होत्या. समोरून ट्रक आला, मी गाडी कडेला घेतली. या गाडीत माणूस इतका खाली बसतो की कड दिसतच नाही. करकर आवाज झाला. पाच-सहा घागरी चेपल्या, बाकीच्या गडगडत गेल्या.

बायका धावत आल्या. मला शिव्या द्यायलाही कुणाला सवड नव्हती. पहिली कुणाची, दुसरी कुणाची, यावरून त्यांचीच जुंपली. एक म्हातारी ओरडून सांगत होती, "म्या तांबडं फुटायच्या आदी ठिवली. पयली माजी हाय!" तिचं कुणी ऐकेना.

मित्र आतूनच म्हणाला, "चल बे, टँकर आपलाच येऊन राहिलाय."

मी उतरलो, पुढं जाऊन वाकलो. म्हातारी लगबगीनं बाजूला सरकली.

"ऱ्हाऊ द्या मालक," ती म्हणाली, "तुमी कशाला? आमी उचलताव की."

मी घागर उचलायला वाकलोच नव्हतो. बंपर बघत होतो. ओरखडा नव्हता. जिवात जीव आला.

निघताना आरशात पाहिलं. चपटी घागर घेऊन ती रांगेच्या शेवटी उभी होती.

नवी गाडी मी घेतली नाही. दुष्काळ बघून याचं मन पालटलं, असं लोक चारचौघांत कौतुकानं सांगतात. मी मान खाली घालून ऐकतो आणि त्यांना वाटतं, हा लाजतोय.